ओळख कुणी पटवायची?

मागच्या महिन्याचे बिल अद्ययावत झाले नाही, म्हणून आज रात्री साडेनऊला तुमचा वीजपुरवठा तोडला जाईल, ताबडतोब आमच्या वीज अधिकाऱ्याशी बोला. खाली एक साधा दहा आकडी मोबाइल नंबर. २०२२च्या आसपास या अर्थाचे संदेश महाराष्ट्रात घरोघरी येऊन पडले, महावितरणला पुन्हा पुन्हा जाहीर खुलासे करावे लागले, आणि तरीही लोकांचे पैसे जातच राहिले. त्या नंबरावर फोन केला की पलीकडचा माणूस अतिशय सौजन्याने बोलतो. बिल भरलेले दिसते आहे म्हणतो, फक्त सिस्टिमला नोंद झालेली नाही. एक अॅप घ्या आणि दहा रुपये भरा, लगेच अपडेट होईल. ते अॅप तुमच्या मोबाइलचा पडदा त्याला दाखवणारे असते. दहा रुपये भरताना तुम्ही जो पिन टाकता तो त्याला दिसतो, आणि पुढच्या काही मिनिटांत खाते रिकामे होते.

यातली साडेनऊची वेळ फार विचार करून निवडलेली आहे. त्या वेळी कार्यालय बंद असते, काउंटरवर जाऊन विचारण्याची सोय उरलेली नसते. घरात मुलाची परीक्षा असते, वर टाकीत पाणी चढवायचे असते, एखाद्या घरी आजोबांचे ऑक्सिजनचे यंत्र विजेवर चालत असते. पैशांची भीती घालण्याची गरजच पडत नाही, अंधाराची पुरते.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. वीज कायदा, २००३ च्या कलम ५६ प्रमाणे बिल खरोखर थकलेले असले तरी पुरवठा तोडण्यापूर्वी ग्राहकाला किमान पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. म्हणजे ‘आज रात्री तोडतो’ हे वाक्य महावितरणच्या खऱ्या अधिकाऱ्यालाही म्हणता येत नाही. हे एवढे एक कलम प्रत्येक घरात ठाऊक असते, तर तो संदेश पहिल्याच दिवशी मेला असता. ते ठाऊक नाही, कारण आपल्याकडे नागरिकाला त्याची बिलाची तारीख बजावून सांगितली जाते. त्याचे हक्क त्याने स्वतः शोधून काढायचे असतात.

फोनवरच्या फसवणुकीबद्दल लिहिले-बोलले जाते त्याचा सूर बहुतेक वेळा एकच असतो: सावध राहा, लोभ धरू नका, ओटीपी देऊ नका. हा सल्ला खोटा नाही. पण त्यात एक गृहीतक लपलेले आहे, की फसणारा माणूस कुठेतरी कमी पडला. मला ते गृहीतकच मान्य नाही. मोठ्या कंपनीच्या, बँकेच्या किंवा सरकारी खात्याच्या नावाने आलेल्या फोनला माणूस बळी पडतो, तो विश्वास ठेवण्याच्या सवयीमुळे. ती सवय त्याला त्याच कंपन्यांनी, बँकांनी आणि खात्यांनी लावलेली आहे. म्हणून प्रश्न असा विचारायला हवा: फोनवर ओळख कुणी कुणाला पटवायची? ज्याने फोन केला त्याने, की ज्याला फोन आला त्याने?

आपल्या बँकेचा खरा फोन कसा येतो ते आठवून पाहा. अनोळखी नंबर. ‘मी अमुक बँकेतून बोलतेय, आपल्या कार्डासंबंधी एक सूचना आहे. पुढे बोलण्याआधी पडताळणीसाठी जन्मतारीख सांगाल का?’ मी एकदा अशा फोनवर म्हटले, ‘आधी तुम्ही बँकेतूनच बोलताय हे मला कसे कळणार?’ पलीकडची मुलगी गप्प झाली. तिच्यासमोरच्या कागदावर या प्रश्नाचे उत्तर लिहिलेले नव्हते. मग ती म्हणाली, ‘सर, हा आमचा अधिकृत कॉल आहे.’ तिचा काहीच दोष नाही. महिन्याला ठरावीक संख्येने फोन करायचे आणि समोरच्याची माहिती जुळवून घ्यायची, एवढेच तिला शिकवलेले. पण तिच्या त्या उत्तरात आणि भामट्याच्या उत्तरात शब्दाचाही फरक नसतो. अनोळखी आवाजाला स्वतःची माहिती सांगण्याची तालीम खऱ्या बँकांनी ग्राहकांकडून वर्षानुवर्षे करून घेतली. भामट्याने त्या तालमीचा फक्त फायदा उठवला.

ही गोष्ट नियंत्रकांच्या लक्षात आलेली नाही असे नाही. जानेवारी २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने सांगितले की ग्राहकसेवेचे फोन बँकांनी १६०० ने सुरू होणाऱ्या नंबरांवरूनच करावेत आणि जाहिरातीचे १४० ने सुरू होणाऱ्या. बँकांची संकेतस्थळे ‘डॉट बँक डॉट इन’ या पत्त्यावर नेण्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत दिली गेली. दोन्ही पावले योग्य दिशेची आहेत, कारण दोन्हींत ओळख पटवण्याचे काम संस्थेकडे जाते. मात्र पडद्यावर दिसणाऱ्या नंबरावर सगळी भिस्त ठेवता येत नाही. परदेशातून इंटरनेटवरून केलेला फोन भारतीय नंबरासारखा दाखवता येतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये दूरसंचार खात्याने असे फोन अडवणारी यंत्रणा सुरू केली, तेव्हा पहिल्या चोवीस तासांतच सुमारे १ कोटी ३५ लाख फोन अडवले गेले. एवढा पूर ज्या दारावर येऊन आदळतो, त्या दाराच्या फटीतून थोडे तरी पाणी आत येणारच.

आता सगळ्यात भयंकर प्रकाराकडे येतो. त्याची सुरुवात बहुतेक वेळा अगदी किरकोळ होते. फेडेक्सच्या नावाने आवाज येतो: तुमचे पार्सल अडकले आहे, माहितीसाठी अमुक आकडा दाबा. किंवा दूरसंचार नियामक ‘ट्राय’च्या नावाने: दोन तासांत तुमचा मोबाइल बंद होईल. फेडेक्सने आपण असे फोन करत नाही असे जाहीर केले आहे, ट्रायनेही आपण कुणाचा नंबर बंद करण्यासाठी फोन करत नाही असे वारंवार सांगितले आहे. पण आकडा दाबला जातो. मग ‘कस्टमर केअर’चा माणूस मृदू आवाजात सांगतो की तुमच्या आधार नंबरावरून पाठवलेल्या पार्सलमध्ये अमली पदार्थ आणि काही पासपोर्ट सापडले आहेत. तुम्ही म्हणता, मी काही पाठवलेच नाही. तो म्हणतो, मलाही तसेच वाटते, तुमच्या नावाचा कुणीतरी गैरवापर केला असणार, तुम्ही तक्रार नोंदवा, मी थेट मुंबई पोलिसांना जोडून देतो.

इथे क्षणभर थांबून पाहण्यासारखे आहे. पहिला माणूस धमकावत नाही. तो तुमच्या बाजूचा असतो. कंपनीचा भला कर्मचारी म्हणून तो तुमचा हात धरतो आणि तुम्हाला पुढच्या खोलीत नेतो. कंपनीचे विश्वासाचे नाव लागते ते एवढ्यासाठीच. त्या उंबरठ्यावरून आत गेल्यावर ते कुणाला आठवतही नाही. पुढच्या खोलीत गणवेशातला माणूस व्हिडिओवर बसलेला असतो, मागे राजमुद्रा, टेबलावर तिरंगा, मधूनच वायरलेसची खरखर. मग सीबीआय, ईडी, अटक वॉरंटचा कागद, रिझर्व्ह बँकेकडून तुमच्या पैशांची ‘पडताळणी’. कॅमेरा बंद करायचा नाही, झोपतानासुद्धा नाही. कुणाला सांगायचे नाही. प्रकरण गोपनीय आहे, सांगितलेत तर घरच्यांनाही अटक होईल. याला ‘डिजिटल अरेस्ट’ हे नाव पडले आणि ते नाव इतके पसरले की असे काही खरोखर कायद्यात असावे असे अनेकांना वाटू लागले. २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांना सांगावे लागले की अशी कोणतीही व्यवस्था कायद्यात नाही. थांबा, विचार करा, कृती करा, असा त्यांचा सल्ला होता.

कायदा तर याच्या बरोबर उलट आहे. डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ च्या डिसेंबरमध्ये अटकेचे जे नियम घालून दिले, ते आज भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत आहेत. अटक करताना पंचनाम्यासारखा लेखी मेमो करावा लागतो, त्यावर घरातल्या माणसाची किंवा परिसरातल्या प्रतिष्ठित व्यक्तीची साक्ष घ्यावी लागते, आणि नातलगाला किंवा मित्राला कळवण्याचा हक्क त्या माणसाला असतो. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेही स्पष्ट केले की हजर राहण्याची पोलिसांची नोटीस व्हॉट्सअॅपवर बजावता येणार नाही. म्हणजे खऱ्या अटकेला साक्षीदार लागतो आणि खोट्या अटकेला एकांत लागतो. ‘कुणाला सांगू नका’ हे शब्द कानावर पडले की बाकी कशाचीही शहानिशा करण्याची गरज नाही. कोणतीही बँक, कोणतेही न्यायालय, कोणतेही पोलीस ठाणे तुम्हाला तुमच्या बायकोपासून, नवऱ्यापासून, मुलांपासून काही लपवायला सांगत नाही.

हे सगळे अडाणी माणसांना होते, ही समजूत मला सर्वांत घातक वाटते. ऑगस्ट २०२४ मध्ये वर्धमान या वस्त्रोद्योग समूहाचे प्रमुख, पद्मभूषण मिळालेले एस. पी. ओसवाल यांच्यासमोर सर्वोच्च न्यायालयाची खोटी ऑनलाइन सुनावणी उभी केली गेली. सरन्यायाधीशांचे सोंग घेऊन एक माणूस बसला होता. सात कोटी रुपये गेले. त्यातला मोठा भाग पोलिसांनी परत मिळवला. ओसवाल यांनी स्वतःच हे सर्वांसमोर सांगितले, याचे मोल मोठे आहे. आयुष्यभर कारखाने चालवलेला, करार वाचलेला, सरकारी खात्यांशी वागलेला हा माणूस. उलट असे म्हणता येईल की ज्याला संस्थांची जाण आहे, जो कायद्याला मान देतो, ज्याच्यापाशी गमवायला नाव आहे, तोच या सापळ्यात लवकर सापडतो. निवृत्त शिक्षिका, डॉक्टर, बँकेचे माजी अधिकारी यांची नावे अशा बातम्यांत का येतात, याचे उत्तर इथे आहे. आयुष्यभर नियम पाळलेल्या माणसाला आपल्या नावावर गुन्हा असल्याचे ऐकणेच सहन होत नाही.

आणि ही विद्या कुठून आली? २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडवरच्या कॉल सेंटरांवर छापे घातले. शेकडो तरुण-तरुणी तिथे अमेरिकेच्या करखात्याचे, म्हणजे आयआरएसचे, अधिकारी बनून अमेरिकी नागरिकांना फोन करत होते. तुमचा कर थकला आहे, थोड्याच वेळात पोलीस दारात येतील, वाचायचे असेल तर आत्ताच्या आत्ता पैसे भरा. पैसे बहुधा गिफ्ट कार्डांवर घेतले जात. दुकानात जायचे, कार्ड विकत घ्यायचे, मागचा क्रमांक फोनवर वाचून दाखवायचा. त्याच महिन्यात अमेरिकेच्या न्यायखात्याने ६१ जणांवर आणि संस्थांवर आरोप ठेवले, फसवले गेलेले लोक पंधरा हजारांहून अधिक असल्याचे सांगितले, आणि पुढे तिथल्या काही आरोपींना वीस वर्षांपर्यंतच्या शिक्षा झाल्या. अमेरिकेत सुशिक्षित माणसे आहेत, कर सल्लागार आहेत, चोवीस तास चालणाऱ्या हेल्पलाइन आहेत. तरी हजारो लोक फसले. मीरा रोडच्या टेबलांवर छापील संहिता असत: समोरचा रडू लागला तर काय म्हणायचे, वकिलाला विचारतो म्हणाला तर काय म्हणायचे. ही गोष्ट ज्याला समजली त्याला हेही समजेल की फोनवर आपण एका माणसाशी बोलत नसतो. हजारो फोनांवर घासून-पुसून धारदार केलेल्या संहितेशी बोलत असतो. एकट्याने, हातातली पोळी तव्यावर टाकून उचललेल्या फोनवर, त्या संहितेवर हुशारीने मात करण्याची अपेक्षा धरणे अन्यायाचे आहे.

आज त्या संहिता बोलणारे अनेक आवाज म्यानमार, कंबोडिया आणि लाओसमधल्या कुंपण घातलेल्या वसाहतींमधून येतात. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये म्यानमारमध्ये किमान १ लाख २० हजार आणि कंबोडियात सुमारे १ लाख माणसे अशा कामाला जुंपली गेल्याचा अंदाज दिला. डेटा एंट्रीची नोकरी म्हणून नेलेली, पासपोर्ट काढून घेतलेली, ठरलेले सावज मिळवले नाही तर मार खाणारी मुले. त्यात आपल्या देशातलीही आहेत. मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या विमानांनी थायलंडमार्गे ५४९ भारतीयांना परत आणले. फसवणाऱ्याबद्दल माझ्या मनात राग आहे, तो राग त्या मुलांवर काढावासा वाटत नाही. मात्र त्यांची अवस्था कळल्यावर फोनवर त्यांच्याशी वाद घालण्यात, त्यांना लाज वाटेल असे काही बोलण्यात किंवा ‘बघू तरी काय म्हणतो’ म्हणून खेळत बसण्यात काही अर्थ नाही, एवढे पक्के होते. फोन ठेवावा.

फोन ठेवणे हे सगळ्यात सोपे काम आणि आपल्याला सगळ्यात अवघड जाणारे. विशेषतः जुन्या पिढीला. समोरचा बोलत असताना मध्येच फोन कापणे हा उद्धटपणा, असे त्यांच्या अंगात भिनलेले आहे. साहेब म्हणून बोलणाऱ्याला तर नाहीच नाही. हा संस्कार चांगला आहे आणि तो मोडा असे मी कुणाला सांगणार नाही. त्याऐवजी एक वाक्य पाठ करून ठेवावे: ‘मी आत्ता फोन ठेवतो आणि तुमच्या कार्यालयाच्या नंबरावर स्वतः फोन करतो.’ हे म्हणण्यात कसलाही अपमान नाही. पलीकडचा खरा असेल तर तो ‘जरूर करा’ म्हणेल. खोटा असेल तर तो घाई करील, ओरडेल, तोवर उशीर होईल म्हणेल. त्याची घाई हीच त्याची ओळख.

मग तो नंबर कुठून घ्यायचा? इथे बरेच जण दुसऱ्यांदा फसतात. इंटरनेटवर ‘अमुक कंपनी कस्टमर केअर’ असे शोधले की भामट्यांनी पेरून ठेवलेले नंबर वर येऊ शकतात. म्हणून नंबर घ्यावा तो डेबिट कार्डाच्या मागच्या बाजूचा, पासबुकावरचा, छापील वीजबिलावरचा, गॅसच्या पावतीवरचा. एखाद्या रविवारी बसून हे चार-पाच नंबर आईवडिलांच्या मोबाइलमध्ये नावानिशी भरून द्यावेत, आणि मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून फ्रिजच्या दारावर लावावेत. शक्य असेल तर थेट शाखेत जावे. शाखेतला माणूस चेहऱ्याने ओळखीचा असतो, हे आजही मोठे संरक्षण आहे. घाबऱ्याघुबऱ्या मुदत ठेव मोडायला आलेल्या ग्राहकाला चार प्रश्न विचारून, घरच्या माणसाला घेऊन या म्हणून बँकेच्या कर्मचाऱ्यांनी वाचवल्याच्या घटना घडल्या आहेत. शाखा कमी करत नेणाऱ्या आणि ग्राहकाला सगळे अॅपवरच करा म्हणणाऱ्या बँकांनी हा हिशेबही कधीतरी मांडावा.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. पैसे मिळण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच टाकावा लागत नाही. पिन लागतो तो पैसे देताना. कुणाच्या सांगण्यावरून कोणतेही अॅप घेऊ नये, व्हॉट्सअॅपवर आलेली एपीके फाइल तर उघडूच नये, मग ती चलनाची असो की लग्नपत्रिकेची. कुणी तारा-चिन्हाने सुरू होणारा आकडा दाबायला सांगितला तर दाबू नये, तुमचे फोन दुसरीकडे वळवण्याची ती युक्ती असू शकते. आणि पैसे गेलेच तर त्याच मिनिटाला सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन करावा. पैसे चोरांच्या हाती लगेच पडत नाहीत. ते एका खात्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून दहा खात्यांत पळवले जातात, आणि वाटेत ते गोठवता येतात ते फक्त पहिल्या काही तासांत. मुलगा संध्याकाळी घरी आल्यावर विचारू, उद्या सकाळी पोलिसांत जाऊ, असे म्हणण्यात जो वेळ जातो तोच चोराला हवा असतो.

तो वेळ का जातो? शरमेमुळे. हा भाग मला तंत्राच्या भागापेक्षा महत्त्वाचा वाटतो. पुण्या-नाशकात, कोल्हापुरात अशी हजारो घरे आहेत जिथे आईवडील एकटे राहतात आणि मुले बंगळुरूला किंवा न्यू जर्सीला असतात. मुलांचा फोन येतो, तब्येत विचारली जाते, आणि त्यातच ‘बाबा, ते लिंकवर क्लिक वगैरे करू नका हं, तुम्हाला कळत नाही त्यातलं’ असेही म्हटले जाते. काळजीपोटीच म्हटले जाते. पण ज्या दिवशी बाबा खरोखर फसतात त्या दिवशी त्यांना पहिल्यांदा आठवते ते हेच वाक्य, आणि ते मुलाला फोन करत नाहीत. भामटा म्हणतो कुणाला सांगू नका. घरातल्या माणसांनी आधीच अशी हवा करून ठेवलेली असते की त्यांना सांगावेसेच वाटू नये. म्हणून आईवडिलांना धोक्याची यादी ऐकवण्यापेक्षा एवढेच सांगावे की काहीही झाले, कितीही पैसे गेले, तरी मला लगेच सांगा, मी एका शब्दानेही बोलणार नाही. आणि वेळ आली की खरोखर बोलू नये.

मार्च २०२५ मध्ये मुंबईतले एक प्रकरण उजेडात आले. पंच्याऐंशी ओलांडलेल्या एका बाईंना भामट्यांनी दोन महिन्यांहून अधिक काळ फोनवर धाकात ठेवले होते आणि सुमारे वीस कोटी रुपये उकळले होते. त्यांच्या वागण्यातला बदल हेरला तो घरकामाला असणाऱ्या बाईंनी. मालकीणबाई खोलीतून फक्त जेवायला बाहेर येतात, आत कुणाशी तरी मोठ्याने बोलत असतात, हे त्यांनी पाहिले आणि मुलीच्या कानावर घातले. एवढ्या मोठ्या रकमा खात्यातून जात असताना जे कुठल्या यंत्रणेने वेळेत थांबवले नाही, ते एका बाईंच्या डोळ्यांना खटकले. आपल्या शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे, वॉचमनकडे, दूधवाल्याकडे, पोळ्या करायला येणाऱ्या मावशींकडे आपण संरक्षण म्हणून पाहत नाही. पाहायला हवे. सोसायटीच्या सभेत सीसीटीव्हीवर तासभर चर्चा होते, त्यातली दहा मिनिटे ‘एकटे राहणारे काका दोन दिवस खाली का उतरले नाहीत’ हे कुणी विचारायचे यावर व्हावी.

तोतयांचा अनुभव महाराष्ट्राला जुना आहे. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचा तोतया उभा राहिला आणि १७७६ मध्ये त्याने फौज जमवून कोकणातले किल्ले घेतले. भाऊसाहेब जिवंत असावेत ही लोकांची आस त्याचे भांडवल होती. त्या बंडाचा निकाल लागला, तो ‘लोकांनी सावध राहावे’ अशी दवंडी पिटून लागला नाही. पेशव्यांच्या कारभाऱ्यांनी फौज पाठवली, त्याला पकडला, पुण्यात आणून देहदंड दिला. आपल्या नावाचा तोतया फिरत असेल तर त्याचा बंदोबस्त करणे हे ज्याचे नाव आहे त्याचे काम, एवढी जाण त्या कारभाऱ्यांना होती.

आजच्या कारभाऱ्यांना ती कितपत आहे? केंद्रीय गृहखात्याने संसदेत दिलेल्या माहितीप्रमाणे २०२४ या एका वर्षात सायबर फसवणुकीत लोकांचे २२ हजार ८४५ कोटी रुपये गेले. आदल्या वर्षीच्या तिपटीहून अधिक. रिझर्व्ह बँकेचे जुलै २०१७ चे परिपत्रक ग्राहकाला संरक्षण देते, पण ते मुख्यतः त्याच्या नकळत झालेल्या व्यवहारांसाठी. तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले तर त्याच्यावर भार पडत नाही. ग्राहकाने स्वतः माहिती दिली असेल तर कळवेपर्यंतचे सगळे नुकसान त्याचे. आणि भीती घालून त्याच्याच हाताने पैसे पाठवायला लावले असतील तर? तेव्हा बँक म्हणते, तुम्हीच पाठवलेत.

ब्रिटनने हा प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवायला घेतला. ७ ऑक्टोबर २०२४ पासून तिथे, फसवून पैसे पाठवायला लावलेल्या ग्राहकाला ८५ हजार पौंडांपर्यंतची भरपाई देणे बँकांवर बंधनकारक झाले, आणि तो भार पैसे पाठवणाऱ्या व पैसे स्वीकारणाऱ्या संस्थांनी निम्मा-निम्मा उचलायचा असे ठरले. तिथे १५९ हा एक छोटा नंबरही आहे. संशय आला की फोन ठेवायचा, १५९ फिरवायचा, आणि तो तुम्हाला तुमच्या खऱ्या बँकेला जोडून देतो. त्या नंबरावरून कुणालाही फोन येत नाही, फक्त त्यावर करता येतो. मी वर जे ‘ओळख फोन करणाऱ्याने पटवावी’ म्हणतो आहे, त्याची याहून सोपी व्यवस्था मला तरी माहीत नाही.

यावर एक आक्षेप नेहमी येतो: बँका भरपाई देऊ लागल्या तर लोक बेफिकीर होतील. आयुष्याची पुंजी परत मिळेल या खात्रीवर कुणी बेफिकीर होत नाही. भरपाई मिळेपर्यंतची अवस्थाही माणसाला पिळून काढणारी असते. पण समजा थोडे खरे असेल. मग दुसऱ्या बाजूच्या बेफिकिरीचे काय? चोरलेला प्रत्येक रुपया कुठल्या तरी खात्यात जातो. ते खाते एखाद्या बँकेने उघडलेले असते. आधार, पॅन, फोटो, केवायसी सगळे घेऊन. एखाद्या मजुराच्या किंवा विद्यार्थ्याच्या नावावर पाच-दहा हजार रुपये देऊन भाड्याने घेतलेले ते खाते. काल त्यात दोनशे रुपये होते, आज दुपारी चाळीस लाख आले आणि चहा होईपर्यंत वीस ठिकाणी गेले. हे बँकेच्या संगणकाला दिसत नाही असे कुणी म्हणू नये. सुपरमार्केटात नेहमीपेक्षा जास्त खरेदी केली तर कार्ड अडवून ‘हा व्यवहार तुम्हीच केलात का’ म्हणून विचारणारा तोच संगणक आहे. ज्या बँकेने ते खाते उघडले आणि त्यातून तो पैसा जाऊ दिला, तिने त्या नुकसानीतला वाटा उचललाच पाहिजे. तसे झाले तर केवायसी म्हणजे ग्राहकाकडून पुन्हा पुन्हा मागायचा कागद राहणार नाही, आणि ‘तुमचे केवायसी अपुरे आहे’ अशी धमकी देणाऱ्या खोट्या फोनांपैकी निम्म्यांना पैसे ठेवायला जागाच उरणार नाही.